याले काही इचारू द्याचं नाई

वऱ्हाडात प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही, प्रश्नाला प्रश्न द्यायची पद्धत आहे. अमरावतीत राजकमल चौकात कोणी "कुठी चाल्ला?" असं विचारलं, तर "काऊन?" हे पूर्ण उत्तर धरलं जातं, आणि विचारणाराही त्यावर समाधानी असतो. तुम्ही कुठे चालला आहात याच्याशी त्याला देणंघेणं नसतंच. आपण चौकात उभे आहोत एवढंच त्याला तुम्हाला कळवायचं असतं. अकोला याच्याही पुढे. तिथे प्रश्न विचारायच्या आतच उत्तर मिळतं, फक्त ते भलत्याच प्रश्नाचं असतं.

अशा मुलखात कॉम्प्युटर आला आणि त्याने आल्या आल्या प्रश्न विचारायला सुरुवात केली.

विंडोज नव्याने टाकायला घ्या. भाषा कोणती? देश कोणता? कीबोर्ड कोणता? आणखी एखादा कीबोर्ड हवा का? (पहिलाच अजून खोक्यातून निघालेला नसतो.) करार मान्य आहे का? कोणत्या डिस्कवर टाकू? तुमचं नाव? पासवर्ड? तोच पुन्हा एकदा? आणि तो विसरलात तर पंचाईत नको म्हणून वर तीन गुप्त प्रश्न. त्यांच्या यादीत एक असतो : तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय? दर्यापूरकडचा एक कास्तकार या प्रश्नावर अडला. त्याच्याकडे जोडी होती. जोडीतला पहिला बैल कोणता, यावर बाप-लेकात दुकानातच वाद पेटला, आणि शेवटी दोघांनी मिळून जे नाव टाकलं ते आज दोघांपैकी एकालाही आठवत नाही. त्यानंतर येतात खासगीपणाची बटणं. तुमचं ठिकाण आम्हाला कळू द्यावं का, असं कॉम्प्युटर अदबीने विचारतो. त्यावर एका दालमिलवाल्याने केलेला सवाल बिनतोड होता : "आपली मिल कुठी हाय थे साऱ्या अकोल्याले माईत हाय, मंग याले कोन अडवलं?"

माझा भाचा अकोल्यात हेच काम करतो. कॉम्प्युटर क्लास, टायपिंग इन्स्टिट्यूट, पतसंस्था, दालमिली, जिनिंग अशी त्याची गिऱ्हाइकं. क्लासमध्ये एका ओळीत वीस यंत्रं मांडलेली असतात. वीसही यंत्रं तेच प्रश्न विचारतात आणि विसांनाही तीच उत्तरं द्यायची असतात. मे महिन्यात, अकोल्यात, पत्र्याखाली. कोणत्याही माणसाच्या डोक्यात अशा वेळी दोनच विचार येऊ शकतात. एक वैराग्याचा. दुसरा भाच्याला आला.

"मामा," तो म्हणाला, "याले काही इचारू द्याचं नाई. आधीच सारं सांगून ठेवाचं."

आणि त्याने पेनड्राइव्हमधली एक फाइल उघडून दाखवली. साधा मजकूर, नोटपॅडमध्ये लिहिता येईल असा. नाव मात्र भारदस्त : ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल. ही फाइल पेनड्राइव्हमध्ये अगदी वर, कुठल्याही फोल्डरात न कोंबता ठेवायची. विंडोजचा सेटअप सुरू होताना तिला आपण होऊन शोधतो, वाचतो, आणि ज्या प्रश्नांची उत्तरं तीत सापडतात ते प्रश्न मुकाट्याने गिळतो. व्हिस्टापासून ही अशी चाल आहे. त्याआधी एक्सपीच्या जमान्यात या फाइलचं नाव विनएनटी डॉट सिफ होतं आणि विंडोजची सीडी लावून यंत्र सुरू करताना ती फ्लॉपीवर पुरवावी लागे. लिनक्सचे पंथ जितके, तितक्या त्यांच्या फायली. रेड हॅटवाल्यांची किकस्टार्ट, डेबियनवाल्यांचं प्रीसीड, आणि उबंटूने २०२० साली २०.०४ या आवृत्तीत सर्व्हरसाठी आणलेलं ऑटोइन्स्टॉल. नावं वेगळी, काम एकच : यंत्राने तोंड उघडायच्या आत त्याच्या तोंडात उत्तर घालायचं.

भाच्याने हे समजावून सांगितल्यावर माझी बहीण, म्हणजे त्याची आई, आतून म्हणाली, "अस्सं म्हन नं, यादी पे शादी!"

तिच्या सहा शब्दांत जे आलं ते भाच्याला पाऊण तासात सांगता आलं नव्हतं. आमच्याकडे सोयरीक जुळली की दोन्हीकडची मंडळी बैठक मारतात आणि यादी होते. जेवण कोणाकडे, बिछायत कोणाची, बँड कोण सांगणार, नवरदेवाचे कपडे कोणाकडून, पंगती किती, परतीची गाडी कोणाची. सगळं कागदावर उतरतं, दोन्हीकडच्या सह्या होतात. आणि कधी कधी पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणतो, सारं ठरलंच आहे, मंडळी जमलीच आहे, तर आजच उरकून टाका ना. झालं. संध्याकाळी वरात. यातली खुबी अशी की यादी पुरी असेल तर कोणाला कोणाला काही विचारावं लागत नाही. पण एक कलम जरी सुटलं तर सगळं तिथेच थबकतं. अंतरपाट कोणी आणायचा हे यादीत नसेल, तर भटजी, वाजंत्री, नवरदेव आणि चारशे पाहुणे एका उपरण्यासाठी ताटकळत उभे राहतात. उत्तरांच्या फाइलचं तेच. अठरा उत्तरं दिली आणि एकोणिसावं राहिलं, तर यंत्र अठरा मजले चढून एकोणिसाव्याच्या जिन्यात उभं राहतं, पडद्यावर एक प्रश्न घेऊन. भाचा तोवर समोरच्या टपरीवर निवांत. त्याला वाटतं काम चाललंय. यंत्राला वाटतं माणूस विचार करतोय.

बहिणीला यातलं पुढचं काही कळून घ्यायचं नव्हतं. मला होतं, कारण दुपार मोठी होती आणि लाइन गेली होती.

या फायलींत आपल्याबद्दल काय काय लिहावं लागतं ते वाचण्यासारखं असतं. एक्सपीच्या फाइलमध्ये भारताची वेळ सांगायची तर 'भारत' असं लिहून भागत नसे. १९० असा आकडा लिहावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या वहीत आपण सगळे एकशे नव्वद. मराठीलाही तिथे आकडाच आहे, ११०२. ज्ञानेश्वरांपासून आमच्या गाडगेबाबांपर्यंत सगळ्यांची भाषा ती हीच, अकराशे दोन. लिनक्सवाले जरा माणसातले. ते आकडा मागत नाहीत, गाव मागतात. पण गाव एकच मान्य : एशिया/कोलकाता. आसामपासून कच्छपर्यंत सगळा देश त्यांच्या लेखी कोलकात्यात राहतो. जुनं 'कलकत्ता' लिहिलं तरी अजून चालवून घेतात, म्हणजे जुन्या माणसांची सोय आहे. एशिया/अकोला लिहिलं तर चालत नाही. भाच्याने लिहून बघितलं आहे.

आणि हे अन्यायाचं आहे. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. अकोला सत्त्याहत्तर अंशांच्या जवळपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य अकोल्याच्या डोक्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर, सुमारे बावीस मिनिटांनी. अकोलेकर अकराच्या बैठकीला अकरा बावीसला येतो तेव्हा तो उशिरा आलेला नसतो, सूर्याप्रमाणे आलेला असतो. अमरावती थोडी पूर्वेला, तिथे हा फरक एकोणीस मिनिटांचा. त्यामुळे अमरावतीकर स्वतःला अकोल्यापेक्षा वक्तशीर समजतात. त्याला तीन मिनिटांचा शास्त्रीय आधार आहे, एवढं मान्य करायला हवं.

कॉम्प्युटरचं नाव काय ठेवायचं, हाही रकाना असतो. त्यात अट अशी की नाव पंधरा अक्षरांच्या पुढे जाता कामा नये. ही अट ज्याने घातली त्याने वऱ्हाडातल्या संस्थांची नावं कधी वाचली नव्हती. आमच्या विद्यापीठाचं नाव संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. इंग्रजीत लिहायला घेतलं तर पंधरा अक्षरं गाडगेबाबांपाशीच संपतात, अमरावती बाहेर राहते. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ तर 'देशमुख'मध्येच अडकतं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून लोकांना शरीर आटोपशीर ठेवायला शिकवतं, पण नावाला तो नियम लावलेला नाही. रकान्यात नाव न लिहिता चांदणी घातली तर विंडोज स्वतःच काहीतरी नाव पाडतो, अक्षरं आणि आकडे कालवून. त्या नावाने हाक मारता येत नाही, पण पतसंस्थेत कोणी कॉम्प्युटरला हाक मारायला जातही नाही.

खरा छळ पुढे आहे, तो लिहिण्याच्या रीतीचा.

विंडोजच्या फाइलला एक्सएमएल नावाची भाषा लागते. तीत प्रत्येक गोष्ट उघडायची आणि नंतर आठवणीने मिटायची. न मिटलेला एक कंस सापडला की सेटअप सगळी फाइल नाकारतो. जुन्या सिफ आणि आयएनआय फायली सरळ होत्या : चौकोनी कंसात सदराचं नाव, खाली डावीकडे प्रश्न, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे उत्तर. किराण्याच्या दुकानातला पोऱ्याही ती भरू शकेल. माझं वैयक्तिक मत, माणसाने तिथेच थांबायला हवं होतं. पण मग जेसन आला, ज्यात शेवटच्या ओळीनंतर एक स्वल्पविराम जास्त पडला तरी चालत नाही, आणि ज्यात आपल्यासाठी एखादी टीपही लिहून ठेवता येत नाही. आणि मग आला यॅमल.

यॅमल दिसायला साधा. कंस नाहीत, अवतरणं नाहीत, नुसत्या ओळी. पण कोणती ओळ कोणाच्या पोटात, हे त्या ओळीआधी किती मोकळी जागा सोडली आहे त्यावरून ठरतं. ती जागा स्पेसबार दाबूनच सोडायची. टॅब दाबला तर फाइल बाद. आणि डोळ्यांना तर दोन्ही सारखेच दिसतात, दोन्ही काहीच दिसत नाहीत! भाच्याने एक अख्खी संध्याकाळ न दिसणाऱ्या दोन गोष्टींतला फरक शोधण्यात घालवली. शेजारच्या मेडिकलवाल्याला वाटलं पोट्ट्याला जाळी दिसायला लागली. त्याने ड्रॉप्स काढून दिले. यॅमलच्या जुन्या आवृत्तीत आणखी एक मौज आहे. 'नो' असं दोन अक्षरांत लिहिलं की ती त्याचा अर्थ 'नाही' असाच घेते. नॉर्वे देशाची खूण नेमकी हीच दोन अक्षरं. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेच्या जागी नुसता नकार येऊन बसतो. या भानगडीला कॉम्प्युटरवाल्यांत 'नॉर्वे प्रॉब्लेम' असं रीतसर नाव आहे. भारताची खूण 'आयएन', तिचा कशाशी घोटाळा होत नाही. आपण त्यातून सुटलो.

ओळ कुठे संपते यावरसुद्धा एकमत नाही, हे मला भाच्यापेक्षा त्याच्या गिऱ्हाइकाने नीट समजावलं. हे गिऱ्हाईक म्हणजे टायपिंग इन्स्टिट्यूटचे जुने सर. हयात रेमिंग्टन यंत्रांत गेली. पुढे सरकारी टायपिंग परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा यंत्रं भंगारात घालताना त्यांनी एक घरी नेलं. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं टाकतो, लिनक्स एकच टाकतो, असं भाचा सांगत होता, आणि का, ते त्याला येत नव्हतं. सर म्हणाले, "अरे बाप्पा, सोपं हाय. कॅरेज मागे ढकलाचं हे एक काम, आन् कागद वर सरकवाचा हे दुसरं काम. दांडी एकच होती म्हून तुले एक वाटते." तेच आहे. विंडोज अजून दोन्ही कामं वेगवेगळी लिहितो, लिनक्स म्हणतो कागद सरकवला की कॅरेज आपण होऊन मागे आलीच समजा. या मतभेदापायी लिनक्सवर लिहिलेली फाइल विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडली की सगळ्या ओळी एकाच ओळीत लागायच्या, थेट २०१८ पर्यंत, तेव्हा कुठे नोटपॅडने माघार घेतली. उलट विंडोजवर लिहिलेली आज्ञावली लिनक्सला दिली तर त्याला ते जास्तीचं चिन्ह अडतं, आणि असा कोणी हुकूम देणारा आपल्या ओळखीचा नाही असं तो म्हणतो. सरांनी त्या दिवशी भाच्याला फी म्हणून चहा पाजायला लावला.

आता दोन्हीकडच्या फायली लागतात कशाला? तर विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला. विंडोज ११ टाकायला जावं तर तो टीपीएम नावाची चिप मागतो, नव्या वळणाचा प्रोसेसर मागतो. वऱ्हाडातल्या क्लासांत अर्धी यंत्रं अशी आहेत की त्यांच्याकडे चिप मागणं म्हणजे आजोबांकडे जन्माचा दाखला मागणं. मग क्लासवाले म्हणतात, अर्ध्यांवर विंडोज टाक, अर्ध्यांवर लिनक्स टाक, आणि पोरांना फरक कळता कामा नये.

तर भाच्याने डेबियनची फाइल तयार केली, आणि तिथे एक कोडं भेटलं जे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रसाळ वाटतं. फाइल नेटवर्कवरून आणायची ठरवली, तर ती आणायला आधी नेटवर्क सुरू व्हावं लागतं. नेटवर्क सुरू होण्याआधी भाषा, देश आणि कीबोर्ड हे प्रश्न येऊन जातात. म्हणजे हे प्रश्न विचारू नकोस असं ज्या चिठ्ठीत लिहिलं आहे, ती चिठ्ठी वाचायला जाण्याआधीच यंत्र ते प्रश्न विचारून मोकळं होतं! मग या पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये न ठेवता, यंत्र सुरू होतानाच्या हुकमात कोंबावी लागतात. भाषा मराठी हवी असेल तर आणखी एक अट. साध्या अक्षरी पडद्यावर डेबियनचा इन्स्टॉलर मराठी देत नाही, चित्रांचा पडदा घ्यावा लागतो. आपल्या काना-मात्रा-जोडाक्षरांचा पसारा त्या जुन्या पडद्याच्या खोपटात मावत नाही. चित्रांच्या पडद्यावर मात्र इन्स्टॉलर चक्क मराठीत बोलतो. भाच्याने ते पहिल्यांदा चालवलं तेव्हा क्लासच्या मालकाने लांबून वाचून विचारलं, "हे पुण्याचं सॉफ्टवेअर हाय का?" शुद्ध मराठी दिसली की आमच्याकडे पहिला संशय तोच येतो.

रेड हॅटच्या घराण्यात मात्र एक मोठी माणुसकीची सोय आहे. एकदा तुम्ही हाताने, प्रश्नोत्तरं करत इन्स्टॉल केलं, की त्यांचा अ‍ॅनाकोंडा नावाचा इन्स्टॉलर तुमची सगळी उत्तरं एका फाइलमध्ये टिपून मागे ठेवतो. तीच फाइल थोडी साफसूफ करून पुढच्या यंत्राला द्यायची. विंडोजही आपल्या उत्तरांच्या फाइलची एक प्रत पँथर नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि त्या प्रतीतल्या पासवर्डच्या जागी 'संवेदनशील माहिती काढून टाकली' अशा अर्थाचे शब्द लिहून ठेवतो. अजगर आणि बिबट्या. ही नावं ठेवणारी माणसं मेळघाटात येऊन गेली असावीत असा माझा अंदाज आहे, पण तो माझाच.

पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइलमध्ये मात्र पासवर्ड राहतो तो राहतोच. एक्सपीच्या काळात तो सहसा उघडा लिहिलेला असे. आता तो झाकता येतो, पण ते झाकण बेस-६४ नावाचं, म्हणजे ज्याला उघडायचं त्याला ते क्षणात उघडता येतं. अकोल्यातल्या कितीतरी यंत्रांचा पासवर्ड आज एकच आहे. तो मी इथे देत नाही, पण तुम्ही जो मनात धरला तोच आहे.

डिस्कच्या ओळीबद्दल भाचा हसत नाही. फाइलमध्ये एक ओळ असते, तीत 'होय' लिहिलं की सेटअप डिस्क आधी पूर्ण पुसतो आणि मग कामाला लागतो. कोणती डिस्क, तर शून्य नंबरची. आता शून्य नंबर कोणाला मिळतो हे यंत्र ठरवतं, आणि ते प्रत्येक यंत्रात सारखंच ठरेल याची हमी कोणी घेतलेली नाही. माणूस बसलेला असता तर "ही डिस्क पुसू का?" या प्रश्नावर त्याचा हात थबकला असता. फाइल थबकत नाही. तिला पुतणीच्या लग्नाचे फोटो, जिनिंगचे आठ वर्षांचे हिशेब आणि चोरून उतरवलेले सिनेमे हे सगळे सारखेच. म्हणून भाच्याने ती एक ओळ फाइलमधून काढून टाकली आहे. बाकी सगळं यंत्राला आधीच सांगून ठेवलं असलं, तरी या एका जागी ते थांबतं आणि विचारतं, आणि भाचा स्वतः उठून, चष्मा पुसून, उत्तर देतो.

विंडोज-लिनक्स झाल्यावर अमरावतीहून एक लग्नाचे व्हिडिओ काढणारे आले, मॅक घेऊन. त्यांच्याकडे म्हणे तिन्ही जातीची यंत्रं, आणि तिन्हींवर फायरफॉक्स एकसारखा पाहिजे : तेच मुखपृष्ठ, तीच बंद केलेली बटणं. यात एक चांगली बातमी होती. फायरफॉक्सची पॉलिसीज नावाची जेसन फाइल तिन्ही ठिकाणी चालते, अक्षरही बदलावं लागत नाही. ठेवायची कुठे, तेवढं मात्र तिघांचं तीन तऱ्हांचं. विंडोजवर प्रोग्रॅमच्या फोल्डरात डिस्ट्रिब्यूशन नावाचं फोल्डर करून त्यात. मॅकवर खुद्द अ‍ॅपच्या पोटात शिरून, कंटेंट्स, रिसोर्सेस असे दोन दरवाजे ओलांडून. लिनक्सवर ईटीसी नावाच्या खोलीत. आणि प्रत्येक माणसाच्या आवडीनिवडी ठेवायच्या जागा आणखी वेगळ्या. लिनक्सवर त्या नावापुढे टिंब दिलेल्या फोल्डरात असतात आणि साध्या नजरेला दिसत नाहीत. हे टिंबाचं लपणं कोणी ठरवून केलेलं नाही. युनिक्सवर पुढे काम केलेले रॉब पाइक यांनी लिहून ठेवलंय की यादी दाखवणाऱ्या आज्ञेत 'आपण स्वतः' आणि 'आपला वरचा' या दोन टिंबांच्या नोंदी गाळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने सोपं म्हणून टिंबाने सुरू होणारं सगळंच गाळलं. पन्नास वर्षं जग त्या आळसाच्या आडोशाला आपल्या फायली ठेवतंय.

व्हिडिओवाल्यांचं काम करायला भाचा त्यांच्या मागोमाग अमरावतीला गेला. हल्ली तो रस्ता चांगला आहे. लोणी ते माना हा एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत घालून झाला आणि गिनीज बुकात गेला. खडी कुठून, डांबर कुठून, कोणती पाळी कधी, हे सगळं आधी ठरलेलं होतं, मधे कोणी कोणाला काही विचारलं नाही. अर्थात कंपनी पुण्याची होती.

एक अडचण मात्र भाच्याला फाइल लिहिताना सुचली नव्हती, आणि ती जगातल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत दिलेली नाही. गिऱ्हाईक पैसे कामाचे देतं, आणि काम म्हणजे दिसलेलं काम. आधी तो प्रत्येक यंत्रापुढे तास-तास बसायचा, माउस फिरवायचा, कपाळाला आठ्या घालायचा, 'पुढे', 'पुढे', 'पुढे' दाबायचा. मालक मधून मधून डोकावून समाधानाने जायचा, भजी मागवायचा. आता भाचा पेनड्राइव्ह लावतो आणि खुर्चीवर बसतो. यंत्र आपलं आपण चालतं. मालक म्हणतो, "तू त बसूनच राह्यला. मंग पैसे कायचे?"

"दादा, आधी घरी दोन रात्री फाइल लिहिली."

"थे आमाले कुठी दिसली?"

यावर उत्तर नव्हतं. मग भाच्याने फाइलमध्ये भर घातली. इन्स्टॉल संपलं की विंडोज आपण होऊन काही आज्ञा चालवतो, त्या यादीत त्याने एक काळा पडदा उघडणारी आज्ञा टाकली. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळीमागून ओळी धावतात, त्यांचा कशाशी काही संबंध नाही. तो त्यांच्याकडे टक लावून बघतो, मधेच "हं" म्हणतो, एकदा कीबोर्डावर जोरात बोट मारतो. तेव्हापासून भजी पुन्हा सुरू झाली आणि दर वाढला.

त्याच फाइलमध्ये उत्पादकाच्या माहितीची जागा असते. कॉम्प्युटरची माहिती उघडली की तिथे दुकानाचं नाव, मदतीचा फोन नंबर आणि मदतीच्या वेळा दिसतात. भाच्याने आपलं नाव टाकलं, नंबर टाकला, आणि वेळ लिहिली : सकाळी ११ पासून लाइन जाईपर्यंत. जाहिरातीचा खर्च वाचला असं त्याला वाटलं. काही महिन्यांनी त्याला परतवाड्याहून फोन यायला लागले. मग अंजनगावहून. मग अमरावतीहून तर रोजच. प्रिंटर चालत नाही, आवाज येत नाही, पोट्ट्याने पासवर्ड बदलला. यातलं एकही यंत्र भाच्याने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. व्हिडिओवाल्यांकडे तो पेनड्राइव्ह एक रात्र राहिला होता, तिथून तो अमरावतीतल्या एका दुकानदाराच्या हाती लागला होता, आणि त्या गृहस्थाने फाइल उघडून न बघता ती गावभर वापरली होती. इन्स्टॉलचे पैसे अमरावतीत जमा, शिव्या अकोल्यात.

भाच्याने भांडण केलं नाही. त्याने दोन रात्री बसून नवी आवृत्ती लिहिली. मदतीच्या नंबरच्या जागी त्या अमरावतीच्या दुकानदाराचा मोबाइल, मदतीच्या वेळा रात्री ११ ते पहाटे ५. आणि मूर्तिजापूरला चहाला उतरला तेव्हा तो पेनड्राइव्ह, वर कागद चिकटवून, टपरीच्या टेबलावर राहू दिला. कागदावर लिहिलं होतं : विंडोज ११, सगळ्या सेटिंगसकट, काही इचारत नाई.